डॉगट्रॉट घराचा मधला सोपा पुन्हा उघडावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: उत्तर अलाबामात, हंट्सव्हिलच्या बाहेर एका मराठी जोडप्याने जुनं लाकडी घर आणि भोवतालची थोडी जमीन विकत घेतली. मध्ये दहा फुटी रुंद हॉल, त्याच्या दोन्ही अंगांना एकेक मोठी खोली आणि मागे नंतर कधीतरी जोडलेलं स्वयंपाकघर व बाथरूम. हॉलमधली पॅनेलं काढली तेव्हा मागून कुऱ्हाडीने तासलेल्या ओंडक्यांची भिंत निघाली. शेजारचे वृद्ध गृहस्थ म्हणाले, हे डॉगट्रॉट आहे, मधला भाग पूर्वी आरपार उघडा होता. शब्दकोशात पाहिलं तर त्याच शब्दाचा अर्थ ‘सावकाश दुडकी चाल’ असाही निघाला. आता हॉल पुन्हा उघडावा का, उघडला तर एसीचं बिल उतरेल का, आणि दर उन्हाळ्यात आई-बाबा येतात त्यांच्यासाठी तिथे झोपाळा टांगता येईल का, असं विचारलंय.

शब्दाचं आधी उरकतो. कुत्रं घाई नसताना ज्या चालीने जातं ती ही चाल, आणि दोन खोल्यांमधला जो भाग माणसांइतकाच कुत्र्यांच्याही येण्याजाण्याचा, तो हा. टेक्सासमध्ये त्याला डॉग रन म्हणतात, काही भागांत पॉसम ट्रॉट. मी मूळचा सातारकडचा, त्यामुळे माझ्या तोंडी सोपाच येतो, म्हणजे आपली ओसरी. पुढे तोच शब्द वापरतो.

माझं उत्तर: उघडा. पण एसीच्या बिलासाठी उघडू नका. आणि मागची जोडखोली नेमकी कुठे आहे ते पाहिल्याशिवाय एक फळीही काढू नका.

हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. तुमचं स्वयंपाकघर-बाथरूम एका खोलीच्या पाठीमागे जोडलेलं असेल, म्हणजे वरून पाहिलं तर घराला इंग्रजी एल अक्षराचा आकार आलेला असेल, तर सोपा दोन्ही टोकांनी मोकळा होऊ शकतो. पण ती जोड हॉलच्याच मागच्या तोंडावर बसलेली असेल, तर पुढचं टोक उघडून तुम्हाला फक्त खोल पोर्च मिळेल. हवा एका बाजूने येऊन दुसरीकडून बाहेर पडली नाही तर ती येतही नाही. अशा वेळी मागची जोड हलवण्याचा खर्च झेपणार असेल तरच पुढे जावं, नाहीतर हॉल आहे तसा ठेवून घराचं बाकीचं काम करावं. बाथरूमचा आणखी एक मुद्दा आहे. रात्री दोन वाजता आईंना झोपायच्या खोलीतून उघड्या सोप्यातून बाथरूमला जावं लागणार का? जानेवारीत तुमच्याकडे रात्री पारा गोठणबिंदूपर्यंत उतरतो. दोन्ही खोल्यांना स्वतंत्र बाथरूम नसेल तर एका खोलीत छोटं का होईना, पण नवं काढण्याचा खर्च याच कामात धरा. पाहुण्यांचं घर म्हणून सोप्याचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत. रोज राहणाऱ्यांचा विरस याच एका गोष्टीने होतो.

आता हे घर असं का बांधलं गेलं, ते थोडं सांगतो, कारण दुरुस्तीचे निम्मे निर्णय त्यातून निघतात. ओंडक्यांचं घर म्हणजे चार भिंतींची पेटी. कोपऱ्यात खाचा पाडून ओंडके एकमेकांत अडकवायचे. पेटीची लांबी ओंडक्याच्या लांबीएवढी, आणि ओंडका चार माणसांना उचलता येईल व दोन्ही टोकांना साधारण सारखा जाड राहील इतकाच लांब. म्हणून खोल्या सोळा ते अठरा फुटांच्या आसपास सापडतात. कुटुंब वाढलं की दुसरी खोली हवी, पण ओंडक्यांच्या भिंतीला नवी भिंत नीट सांधता येत नाही, कारण कोपऱ्याची खाच आधीच भरलेली असते. मग सोयीचा उपाय असा की आठ-दहा-बारा फूट जागा सोडून दुसरी तशीच पेटी उभी करायची आणि दोन्हींवर एकच छप्पर घालायचं. धुराडी दोन बाहेरच्या टोकांना. एका खोलीत स्वयंपाक आणि जेवण, दुसऱ्या खोलीत झोपणं-बसणं. मधल्या सोप्यात खोगिरं टांगलेली, पाण्याच्या बादलीसाठी भिंतीला फळी मारलेली, तिथेच शेंगा सोलणं, शिवण आणि उन्हाळ्यात रात्रीची झोप. काही घरांत दोन्ही खोल्या सुरुवातीपासूनच एकत्र बांधल्या गेल्या, कारण तोवर ही पद्धत रूढ झाली होती.

ही पद्धत आली कुठून यावर अभ्यासकांत वाद आहे. टेरी जॉर्डन आणि मॅटी कॉप्स या भूगोलतज्ज्ञांनी १९८९मध्ये तिचं मूळ १६३८च्या डेलावेअर खोऱ्यातल्या स्वीडिश-फिनिश वसाहतीपर्यंत नेलं. दुसऱ्या बाजूचे लोक ती टेनेसीच्या खोऱ्यात स्थानिक गरजेतून तयार झाली असं मानतात. मला ओंडक्याच्या लांबीचं कारण पुरेसं वाटतं. तुमच्या दुरुस्तीला दोन्हींनी फरक पडत नाही.

मात्र एक गोष्ट लक्षात असू द्या. ही घरं फक्त गोऱ्या शेतकऱ्यांची नव्हती. जॉर्जियातल्या रोम गावात चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीचे पुढारी मेजर रिज यांचं घर आहे. बाहेरून पाहिलं तर पांढऱ्या रंगाचं, ऐटबाज, फळ्यांचं घर. आत गाभ्याला दोन मजली डॉगट्रॉट आहे, नंतरच्या बांधकामाने झाकलेलं. चेरोकींची जमीन अमेरिकी सरकारला देऊन टाकणाऱ्या १८३५च्या न्यू एकोटा करारावर रिज यांनी सही केली आणि १८३८मध्ये चेरोकींना त्या प्रदेशातून हुसकावून लावलं गेलं. दक्षिणेत अनेक ठिकाणी अशा घरांचे ओंडके गुलामांनी तोडले आणि तासले. घराचा इतिहास शोधायला बसाल तेव्हा जमिनीच्या कागदांत हेही निघेल, आणि ते वाचावं.

तुमचं घर खरंच डॉगट्रॉट आहे का? शेजाऱ्यांचं म्हणणं बहुधा बरोबर असेल, पण खात्री करून घ्या, कारण मधला बंद हॉल मुळातूनच असलेली घरंही त्याच काळातली आहेत. ती ‘उघडणं’ म्हणजे कधीच नसलेली गोष्ट तयार करणं. मी बघतो ते असं. हॉलच्या दोन्ही टोकांच्या भिंती कशाच्या आहेत? खोल्या ओंडक्यांच्या आणि टोकाच्या भिंती सरळ कापलेल्या लाकडी चौकटीच्या असतील तर टोकं नंतर बंद केलीत. तिथला एक खिळा हळूच काढून पाहा. चौकोनी अंगाचा, बोथट टोकाचा कापीव खिळा असेल तर काम साधारण १८९०च्या आधीचं. गोल तारेचा असेल तर त्यानंतरचं. फळ्यांवर करवतीच्या खुणा अर्धवर्तुळाकार असतील तर वर्तुळाकार पात्याच्या गिरणीतून आलेलं लाकूड. सरळ उभ्या रेघा असतील तर जुन्या खालीवर चालणाऱ्या करवतीचं. मग माळ्यावर जा. खोल्यांवरचे वासे आणि सोप्यावरचे वासे एकाच वेळी घातलेले आहेत का ते कळेल. आणि हॉलकडच्या ओंडक्यांवर चुन्याच्या पांढऱ्या रंगाचे थर सापडले तर ती भिंत कधीकाळी उघड्यावर होती याचा तो चांगला पुरावा. नेमकं वर्ष हवं असेल तर ओंडक्यातून पेन्सिलीएवढी सळी काढून वाढीची वर्तुळं मोजणारे लोक विद्यापीठांतून मिळतात.

बंद का केला असेल? तुमच्या भागात टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी ही धरणं आणि वीज यांचं काम बघणारी सरकारी संस्था १९३३मध्ये स्थापन झाली आणि त्यानंतर गावोगाव वीज पोचू लागली. पंखा आला, पुढे खिडकीतला एसी आला, कापलेलं लाकूड स्वस्त झालं, आणि उघडा सोपा ठेवणं गरिबीचं लक्षण वाटू लागलं. दोन भिंती घातल्या की एक खोली फुकट! त्या लोकांनी मूर्खपणा केला असं मला वाटत नाही. हिवाळ्यात त्या सोप्यातून जो वारा वाहतो तो ज्याने सोसलाय त्यालाच भिंतीची किंमत कळते. शिवाय जुन्या काळाबद्दल फार हळवं होण्याचंही कारण नाही. पक्षितज्ज्ञ ऑड्युबन १८३७मध्ये ह्यूस्टन शहरात टेक्सास प्रजासत्ताकाच्या अध्यक्षांना, सॅम ह्यूस्टनना, भेटायला गेला. अध्यक्षांचा वाडा म्हणजे दोन खोल्या आणि मधून आरपार वाट. उजवीकडच्या खोलीत पाऊल टाकलं तर जमीन चिखलाने बरबटलेली आणि सगळीकडे खाटा-पेट्या पसरलेल्या, असं त्याने लिहून ठेवलंय.

आता बिलाचा हिशेब. हॉल उघडला की तेवढी जागा थंड करायचा खर्च वाचतो. पण आजवर आतल्या असलेल्या दोन ओंडक्यांच्या भिंती आता बाहेरच्या होतात. दहा फुटांची टोकं दोन, आणि त्या बदल्यात अठरा फुटांच्या भिंती दोन. म्हणजे बाहेरच्या हवेला लागणारी भिंत वाढली. सहा इंच जाडीच्या मऊ लाकडाचं उष्णतारोधन, ज्याला इथे आर-मूल्य म्हणतात, सात-आठच्या घरात भरतं. तुमच्या हवामान विभागात आज नवी लाकडी चौकटीची भिंत बांधली तर तिच्याकडून वीसच्या आसपास अपेक्षा असते. तुमच्या बाजूने एकच गोष्ट आहे: या भिंतींवर ऊन पडत नाही. जमाखर्च साधारण बरोबरीत सुटतो. खरी बचत होते ती एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, जेव्हा तुम्ही आत एसी लावून बसण्याऐवजी सोप्यात बसता. बसणार नसाल तर बचत नाही.

सोपा थंड का वाटतो याबद्दल इंटरनेटवर फार फुगवून लिहिलेलं असतं, जणू वारा त्या बोळात शिरला की चौपट वेगाने सुटतो. तसं नसतं. वाऱ्याच्या तोंडाशी असलेल्या भिंतीवर हवेचा दाब वाढतो, पाठीमागे कमी होतो, आणि मधली मोकळी वाट म्हणजे त्या दोन दाबांना जोडणारा सगळ्यात सरळ मार्ग. भिंतीवर आपटलेली थोडी हवाही वाट वळवून तिथेच येते. त्यामुळे अंगणात जेमतेम पानं हलत असतात तेव्हाही सोप्यात झुळूक लागते. ती झुळूक हवेचं तापमान उतरवत नाही, अंगावरचा घाम वाळवते. अमेरिकी ऊर्जा खात्याचा छताच्या पंख्याबद्दलचा ठोकताळा असा आहे की पंखा चालू असेल तर थर्मोस्टॅट सुमारे ४ अंश फॅरनहाइट वर ठेवला तरी तेवढंच बरं वाटतं. सोप्याची झुळूकही त्याच जातीची. जुलैत तुमच्याकडे दुपारी ९० फॅरनहाइट म्हणजे ३२ सेल्सियस असतं आणि दमटपणा पुण्याच्या पावसाळ्याची आठवण करून देतो. तेव्हा सोप्यात बसणं सुसह्य होईल, गारवा मिळणार नाही. अंगणातली हवा पूर्ण पडलेली असेल तेव्हा सोप्यातही पडलेलीच असते, म्हणून छताला पंखा लावाच. तो उघड्यावरच्या दमट जागेसाठी प्रमाणित केलेला हवा. घरातला साधा पंखा लावला तर त्याची पाती दोन उन्हाळ्यांत खाली वाकतात.

सोप्याचा दुसरा उपयोग बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एसी बंद असताना खोलीचं सोप्याकडचं दार उघडा आणि त्या खोलीची अगदी बाहेरच्या टोकाची खिडकी उघडा. सोप्यातून वाहणारी हवा खोलीतली हवा ओढून घेते आणि खिडकीतून नवी येते. सगळ्या खिडक्या उघडल्या तर हा ओढा मोडतो. दार एक, खिडक्या एक-दोन.

फळ्या काढण्याआधी एक स्वस्तातली चाचणी करा. हॉलचे पुढचे-मागचे दरवाजे सताड उघडे टाका, मध्ये छतापासून सुती कापडाची लांब पट्टी लोंबती सोडा आणि उन्हाळ्यात रोज दुपारी चारनंतर व रात्री नऊनंतर ती कुठे झुकते ते पाहा. दारं तीन फुटांची आणि सोपा दहा फुटांचा, त्यामुळे जोर कळणार नाही, दिशा कळेल. पट्टी हलतच नसेल तर आधी बाहेर जाऊन बघा. पुढच्या तोंडाला माणसाच्या उंचीची झुडपं वाढलेली असतात, मागे कुणीतरी अवजारांची शेड टाकलेली असते. ती हटवल्यावर किती फरक पडतो ते बघून मग पुढचा विचार करा.

समजा ठरलं. मग पहिला निर्णय: थंड-गरम हवेची सीमा कुठून जाणार? सोपा एकतर पूर्ण बाहेर किंवा पूर्ण आत. मधलं काही नाही. दोन्ही टोकांना काचेचे मोठे सरकते दरवाजे बसवून ‘दोन्हींचा फायदा’ घेण्याची टूम आहे. मला ती पटत नाही. एका घरात आधीच्या ठेकेदाराने असं करून ठेवलं होतं. उन्हाळ्यात काचा बंद ठेवल्या की भट्टी, उघडल्या तरी निम्मी काच जागा अडवून उभी, आणि सोप्याला एसी जोडलेला नसल्याने दोन्ही खोल्यांची आतली हवा दारांच्या फटीतून तिथे गळत होती. हिवाळ्यातला वारा अडवायचा असेल तर जुन्या पद्धतीचे जोडफळ्यांचे दोन पानी दरवाजे करा. ते हवाबंद नसतात, नसावेतच. नोव्हेंबरात लावायचे, मार्चात उघडायचे.

सीमा ओंडक्यांच्या भिंतीवर ठरली की खोल्यांच्या आतून त्या भिंतीला प्लॅस्टिकचा कागद किंवा व्हिनाइलचा वॉलपेपर कोणालाही लावू देऊ नका. थंड प्रदेशात शिकलेले कारागीर बाष्परोधक थर आतून लावतात, कारण तिथे ओल आतून बाहेर जायला बघते. तुमच्याकडे उन्हाळ्यात उलट: बाहेरची दमट हवा भिंतीतून थंड खोलीकडे सरकते आणि प्लॅस्टिकच्या मागच्या अंगाला पाणी धरते. दोन उन्हाळ्यांत बुरशी. जमिनीचंही तसंच. घर दगडी चौथऱ्यांवर उभं असेल तर खालून दमट हवा खेळते, आणि एसी ७० फॅरनहाइटवर ठेवणारा कुणी घरात असेल तर लाकडी फळ्या खालून ओल्या होतात. फळ्यांखाली सलग, ताठ रोधन बसवा आणि थर्मोस्टॅट ७६-७८च्या खाली नेऊ नका.

ओंडक्यांवर मी जास्त वेळ घालवतो, कारण बाकी सगळं बदलता येतं, ते नाही. एक जाड दाभण घ्या आणि घराभोवती फिरा. सर्वांत खालचा ओंडका, खिडक्यांच्या खालचा ओंडका, कोपऱ्यांतली टोकं आणि जिथे पन्हळ गळते त्याच्या खालची भिंत, या चार जागी दाभण खुपसा. चांगलं लाकूड अर्धा इंचही आत घेत नाही. दोन इंच गेलं तर तिथे आत पोकळ आहे. कोपऱ्याची खाच कशी आहे तेही बघा. अर्ध्या डव्हटेलची, म्हणजे बाहेरच्या बाजूला उतार असलेली खाच असेल तर पाणी आपोआप बाहेर पडतं आणि टोकं शंभर-दीडशे वर्षं टिकतात. चौकोनी खाचेत ते साठतं.

मग फटी. दोन ओंडक्यांमधली जागा मुळात लाकडाच्या चिपा, चिकणमाती, चुना, कधी डुकराचे केस किंवा शेवाळं घालून भरलेली असायची. विसाव्या शतकात कुणीतरी ती सिमेंटने भरलेली असणार, जवळजवळ प्रत्येक घरात असते. सिमेंट ताठ, ओंडका ऋतूप्रमाणे फुगतो-आकसतो. दोघांमध्ये केसाएवढी फट पडते, पाणी आत जातं आणि सिमेंटमुळे बाहेर येत नाही. ओंडका सिमेंटच्या मागून कुजतो आणि बाहेरून काही दिसत नाही. हे सिमेंट हळूहळू, छिन्नी आडवी धरून काढायला हवं आणि त्या जागी चुना-वाळूचा मऊ गिलावा भरायला हवा. भरताना एक बारकावा: गिलाव्याचं तोंड ओंडक्याच्या बाहेरच्या कडेपेक्षा आत हवं आणि खालच्या बाजूला बाहेर उतरतं हवं, म्हणजे वरच्या ओंडक्यावरून आलेला थेंब गिलाव्यावर न थांबता खालच्या ओंडक्यावरून निथळेल. गवंड्याला हे तोंडी सांगून भागत नाही, एक हातभर पट्टी स्वतः करून दाखवावी लागते. राष्ट्रीय उद्यान सेवेने ओंडक्यांच्या जुन्या घरांच्या दुरुस्तीवर एक पुस्तिका काढली आहे, ‘प्रिझर्व्हेशन ब्रीफ्स’ या मालिकेतली २६वी. फुकट मिळते. ती ठेकेदाराच्या हातात द्या आणि त्याने वाचली की नाही ते प्रश्न विचारून बघा.

कुजलेला खालचा ओंडका बदलायचा तर घर स्क्रूजॅकवर उचलावं लागतं, रोज जेमतेम पाव फेरा. घाई केली की धुराडं घरापासून सुटतं. हे काम ज्याने केलेलं आहे त्यालाच द्या.

छपराकडे वळू. बंद हॉल उघडला की वादळात वारा सोप्यात शिरून छपराला खालून ढकलतो, आणि वरून तर तो ओढतच असतो. बंद असताना हा जोर नव्हता. जुने वासे बहुतेक ठिकाणी ओंडक्यावर नुसते टेकलेले, एखाददुसऱ्या खिळ्यावर. सोप्यावरचा प्रत्येक वासा खालच्या तुळईला आणि तुळई ओंडक्यांच्या पेटीला पोलादी पट्ट्यांनी बांधून घ्या. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही लागेल, ती घ्या. आणि आई-बाबांना स्पष्ट सांगून ठेवा की टॉर्नेडोचा भोंगा वाजला की सोप्यात बघायला उभं राहायचं नाही. २७ एप्रिल २०११ला तुमच्या भागात काय झालं ते कोणत्याही शेजाऱ्याला विचारा. चौथऱ्यांवरचं लाकडी घर हा आसरा नव्हे. परसात जमिनीत बसवायचा पोलादी निवारा या घराबरोबरच घ्या.

जमीन: हॉलची आतली पॉलिश केलेली फळी उघड्यावर टिकत नाही. दोन्ही टोकांकडून तिरका पाऊस तीन-चार फूट आत येतो. तेवढ्या भागात तरी फळ्यांमध्ये पाव इंच फट ठेवा आणि जमिनीला टोकाकडे फुटामागे पाव इंचापर्यंत उतार द्या. जुन्या फळ्या लाँगलीफ पाइनच्या गाभ्याच्या असतील, म्हणजे लालसर, जड आणि राळेचा वास असलेल्या, तर त्या काढून आतल्या खोल्यांसाठी जपा. ते लाकूड आता सहज मिळत नाही.

झोपाळा. छताच्या फळ्यांना किंवा एकट्या वाशाला टांगू नका. पाटावर तीन माणसं आणि एक नातू बसून झोका घेतला की ताण स्थिर वजनापेक्षा बराच वाढतो. दोन्ही पेट्यांच्या वरच्या ओंडक्यांवर टेकणारी स्वतंत्र, भक्कम तुळई टाका, आणि कड्यांचा बोल्ट तिच्यातून आरपार काढून वर मोठ्या वॉशरवर नट आवळा. इंजिनिअर येणारच आहे, तुळईचं माप त्याच्याकडूनच घ्या. भारतातून पितळी कड्या आणणार असाल तर सुंदर दिसतील, पण वरचा हूक पोलादीच ठेवा. पाट सोप्याला आडवा, म्हणजे झोका घराच्या लांबीला न जाता वाऱ्याच्या दिशेने पुढेमागे गेला पाहिजे, नाहीतर गुडघे भिंतीला लागतील. सोपा दहा फुटांचा आणि पाट साडेपाच फुटांचा असेल तर तो मधोमध न टांगता एका भिंतीकडे सरकवा, दुसरीकडे साडेतीन-चार फूट वाट मोकळी राहील. टोकापासून किमान पाच-सहा फूट आत, नाहीतर पाट भिजेल.

डासांसाठी जाळी लावावी का? लावली की झुळूक कमी होते, हे उघड आहे. मी म्हणेन पहिला उन्हाळा बिनजाळीचा काढा, पंखा चालू असला की डास फारसे टिकत नाहीत. मात्र भुंगे येतील. इथला लाकूड पोखरणारा भुंगा बिनरंगाच्या मऊ लाकडात बोटभर रुंदीचं गोल भोक पाडतो, आणि त्याला सोप्याचं छत फार आवडतं. छताला आणि नव्या तुळईला तेलरंग द्या. कुंभारमाश्यांची मातीची घरं दरवर्षी खरवडावी लागतील. वाळवीचा बंदोबस्त मात्र कंत्राटावर, दरवर्षी तपासणीसह.

कामाला लागण्याआधी एक दिवस काढून जवळची दोनएक घरं बघून या. अलाबामातच अ‍ॅशव्हिलजवळ जॉन लूनी यांचं १८२०च्या सुमाराचं दोन मजली डॉगट्रॉट आहे. लांब जायची तयारी असेल तर आर्कान्सामध्ये नॉरफोर्कला जेकब वुल्फ यांचं १८२९चं घर, जे कौंटीचं न्यायालयही होतं, आणि टेक्सासच्या हंट्सव्हिलमध्ये सॅम ह्यूस्टन यांचं १८४७चं घर. त्या हंट्सव्हिलला नाव तुमच्याच गावावरून पडलंय. तिथे सोप्यात अर्धा तास नुसतं उभं राहा, शक्यतो ऑगस्टात आणि पुन्हा जानेवारीत. दोन्ही वेळा बरं वाटलं तर घरी जाऊन पॅनेलं काढा.

कागदोपत्री एवढंच. घर ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत जाण्याजोगं आहे का हे माँटगोमेरीच्या अलाबामा हिस्टॉरिकल कमिशनला विचारा. नोंद झाली म्हणून खासगी पैशाने केलेल्या बदलांवर केंद्र सरकारची बंदी येत नाही, ही भीती अनेकांना उगाच असते. केंद्राची २० टक्के करसवलत मात्र उत्पन्न देणाऱ्या इमारतींनाच आहे, स्वतःच्या राहत्या घराला नाही. राज्याच्या सवलतीचे नियम आणि निधी बदलत असतात, म्हणून आधी अर्ज आणि मग काम. उलट केलं तर झालेल्या कामाचे पैसे सहसा धरत नाहीत. आणि टोकांच्या भिंती उतरवताना प्रत्येक फळीच्या मागे खडूने नंबर घाला, फोटो काढा आणि फळ्या शेडमध्ये कोरड्या ठेवा. पुढे कधी घर विकलं आणि घेणाऱ्याला हॉलच हवा झाला, तर त्याला त्या लागतील.